छापखान्याची जन्मतारीख

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "ताई, तू रिकामीच आहेस ना?" अशीच त्याने सुरुवात केली. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला घरातलं प्रत्येक जण हेच विचारतं. काम असं होतं की आमच्या छापखान्याची भागीदारी फर्म होती, तिची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करायची होती. एका औषध कंपनीची कार्टनं छापायचं मोठं काम येऊ घातलं होतं, त्यासाठी पाच रंगांचं मशीन घ्यायचं होतं, आणि एवढं कर्ज फर्मपेक्षा कंपनीच्या नावावर बरं, असं त्याच्या सीए बाईंचं म्हणणं. त्यांनी कागदांची यादी दिली होती. पहिल्या भागीदारी करारापासून आजपर्यंतचे सगळे करार, फर्म नोंदणीचा दाखला, दिवंगत भागीदारांचे मृत्यूचे दाखले, आणि शेवटी, "जमल्यास संस्थेचा इतिहास, दोन पानं."

"दोनच पानं ना? आठ दिवसांत देते," मी म्हटलं. तो २०२२ चा जून होता. पानं मार्चमध्ये दिली.

छापखान्याचं नाव इथे लिहीत नाही. भाऊ म्हणेल फुकटची जाहिरात, आणि गिऱ्हाइकं म्हणतील घरच्या भानगडी चव्हाट्यावर. एवढं सांगते की तो पुण्यात नारायण पेठेत नदीच्या अंगाला सुरू झाला. आता छपाई नऱ्ह्याला होते आणि पेठेत फक्त ऑफिस आहे. लेटरहेडवर डाव्या कोपऱ्यात 'स्थापना १९३६' आणि भिंतीवर आजोबांचा, म्हणजे अण्णांचा, हार घातलेला फोटो. खाली 'संस्थापक'. आम्ही भावंडं ते वाचतच मोठी झालो. छापखान्यात माझा हिस्सा नाही, लहानपणी सुट्टीत फॉर्मांच्या घड्या घालून दिल्या तेवढाच काय तो संबंध. म्हणून असेल, पण कागद चाळताना मला भावापेक्षा जास्त मजा आली. त्याला प्रत्येक कागदात अडचण दिसायची.

माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. वरच्या थरात नुसती वीजबिलं आणि लग्नपत्रिकांचे नमुने. त्याखाली निवडणूक पत्रकांचा एक जाडजूड गठ्ठा निघाला. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं हवीत, प्रकाशकाने दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि मुद्रकाने ते छापलेल्या पत्रकासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं, असा नियम आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क. दादांनी, म्हणजे वडिलांनी, प्रत्येक प्रतिज्ञापत्राची स्थळप्रत ठेवली होती. कोणी किती हजार पत्रकं छापली आणि कोणी पैसे बुडवले, सगळं त्यात. पैसे बुडवणाऱ्यांच्या नावापुढे निळ्या पेन्सिलीची फुली. त्यातले दोघे पुढे निवडून आले होते.

तळाशी कापडात बांधलेला पहिला भागीदारी करार होता. १९४८. अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही भाऊआजोबा म्हणायचो, त्या दोघांचा. स्टँपपेपरच्या खालच्या एक तृतीयांश भागावर तपकिरी डाग. मला आधी चहा वाटला. दादांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "चहा कसला, पानशेत आहे ते."

त्या डागाखाली नेमकं काय लिहिलंय यावर आमचं सगळं प्रकरण अडलं होतं. भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर एक भागीदार वारला की फर्मच विसर्जित होते. भाऊआजोबा १९७४ साली गेले. करारात तशी सोय नसेल तर आमची फर्म त्याच दिवशी संपली, आणि त्यानंतरची जी काही आहे ती दुसरीच फर्म, जिची नोंदणी कोणी केलेली नाही. कंपनीत रूपांतर करायचं तर मुळात नोंदलेली, चालू असलेली फर्म हवी. सीए बाई हे अगदी शांतपणे सांगत होत्या. भावाचा चेहरा मात्र मला पाहवेना.

करार गच्चीत नेऊन कडक उन्हात तिरपा धरला. मोबाइलने फोटो काढून रंग उलटे करून पाहिले. अक्षरं हळूहळू दिसायला लागली. अकराव्या कलमात होतं: "भागीदारांपैकी कोणीही मयत झालेस त्या कारणाने फर्म विसर्जित न होता उर्वरित भागीदारांनी मयताचे वारसांस सामील करून घेऊन धंदा पुढे चालविणेचा आहे." ते वाक्य मी तीनदा मोठ्याने वाचलं. इतकं गोड मराठी मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

मग दुसरं लफडं. फर्म १९५१ साली नोंदली होती, त्या नोंदीचा उतारा काढला. त्यात भागीदार दोन. अण्णा आणि भाऊआजोबा. फक्त दोनच. म्हणजे १९७४ नंतर वारस आले, दादा आले, चुलतकाका आले, अण्णा १९९१ ला गेले, माझा भाऊ आला, प्रत्येक वेळी नवा करार झाला, नोटरी झाली, बँकेला प्रत गेली. पण फर्मच्या रजिस्टरमध्ये बदल कळवायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सरकारदरबारी आमचे दोन्ही आजोबा २०२२ साली अजून मजेत धंदा करत होते. यात दोष कोणाचा म्हणाल तर सर्वस्वी आमचा. कळवलंच नाही तर त्यांना कळणार कसं? एकेक बदल, एकेक अर्ज, एकेक दाखला, वर विलंबाचा दंड. भाऊआजोबांचा मृत्यूचा दाखला महापालिकेतून काढताना खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "काकू, पन्नास वर्षं होत आली, आता कशाला लागतोय?" मी म्हटलं, "त्यांना भागीदारीतून मोकळं करायचंय." त्याने वर पाहिलं, पण दाखला लगेच दिला.

इथवरचं सगळं काम कारकुनी, आणि बँकेत पस्तीस वर्षं मी तेच केलं. इतिहासाची दोन पानं मात्र लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीला अडले. "अण्णांनी १९३६ साली छापखान्याची स्थापना केली." पुरावा काय?

भावाने एक मसुदा आधीच कुणाकडून तरी लिहून घेतला होता. त्यात सुरुवातीला पुण्याची मुद्रणपरंपरा होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये काढलेली चित्रशाळा, मग आर्यभूषण छापखाना, १८८१ चा केसरी, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात आम्ही. मी ते सगळं काढून टाकलं. चित्रशाळेशी आमचं नातं एवढंच की आजीच्या देवघरात तिथलं एक चित्र होतं.

ट्रंकेत एक कागद सापडला होता, अगदी विरलेला, पुण्याच्या मॅजिस्ट्रेटचा शिक्का असलेला. छापखाना चालवायचा तर मालकाने मॅजिस्ट्रेटपुढे डिक्लेरेशन द्यायचं, हा १८६७ च्या मुद्रण आणि ग्रंथनोंदणी कायद्याचा नियम. या कागदावर अण्णांचं नाव होतं आणि साल १९३६. म्हणजे पुरावा मिळाला! भाऊ खूश झाला. पण मला बँकेची सवय. एक कागद म्हणजे अर्धा कागद.

त्याच कायद्याचा आणखी एक नियम होता, तो मला फार उपयोगी पडला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण हवंच. जुन्या पुस्तकात शीर्षकाच्या मागच्या पानावर किंवा अगदी शेवटी बारीक टाइपात असते ती ओळ, "हे पुस्तक अमुक यांनी आपल्या तमुक छापखान्यात, घर नंबर इतका, अमकी पेठ, पुणे शहर येथे छापिले." वाचक ती कधी वाचत नाहीत. शिवाय पुस्तकाच्या प्रती सरकारला द्याव्या लागत, आणि सरकार दर तीन महिन्यांनी राजपत्रात त्यांची यादी छापत असे. पुस्तकाचं नाव, भाषा, मुद्रक, छपाईचं ठिकाण, पानं, आकार, किती प्रती, किंमत, शिळाछापावर छापलंय की खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, इतकं सगळं त्या यादीत. इंग्रजांनी हे पुस्तकप्रेमातून केलं नव्हतं, कोण काय छापतंय यावर नजर ठेवायला केलं होतं. पण त्यांच्या त्या संशयी स्वभावामुळे माझं काम झालं. घरचे कागद पुरात गेले असले तरी आमची ओळ दुसऱ्यांच्या पुस्तकांत शिल्लक होती. (तो कायदा आता राहिला नाही. १ मार्च २०२४ पासून नवा आला, तो नियतकालिकांपुरता आहे, पुस्तकं त्यात नाहीत. पुढे कोणाला असा शोध घ्यायचा झाला तर अवघड आहे.)

पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं. तिथे आणि आणखी दोन जुन्या ग्रंथालयांत मी आठवड्यातून तीन दिवस जाऊन बसायला लागले. शोधायचं काय तर आमच्या पेठेचं नाव आणि आमचा घर नंबर. पोथ्या, कीर्तनाची पदं, मॅट्रिकच्या गाइडांचे पूर्वज, वैद्यकाची पुस्तकं. ऐन सप्टेंबरात एका व्रतकथेच्या पोथीवर आमच्या छापखान्याचं नाव सापडलं. घर नंबरही तोच. शके १८५३.

शके १८५३ म्हणजे १९३१. आणि मुद्रकाचं नाव अण्णांचं नव्हतं.

मी आधी चष्मा पुसला. मग राजपत्राच्या जुन्या याद्या मागवल्या. पोथी तिथेही होती, तोच छापखाना, तेच दुसरं नाव, एक हजार प्रती, किंमत दोन आणे. पुढच्या तीन वर्षांत त्याच नावावर आणखी सहा पुस्तकं. मग १९३५ साली काहीच नाही, आणि १९३६ अखेरीपासून मुद्रक म्हणून अण्णा. छापखान्याचं नाव न बदलता.

घरी येताना लक्ष्मी रस्त्यावर मी कुठेतरी चुकीच्या बसमध्ये चढले, इतकी विचारात होते. 'संस्थापक' लिहिलेला फोटो, त्यावरचा हार, दसऱ्याची पूजा, सगळं डोळ्यासमोर. वडील अठ्ठ्याऐंशीच्या उंबरठ्यावर. त्यांना सांगायचं कसं? दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि पोथीच्या पानाची झेरॉक्स पुढे केली.

त्यांनी भिंग लावून नाव वाचलं. "मालकांचं आहे हे," म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तू विचारलंस कधी?"

मग त्यांनी सांगितलं. अण्णा त्या छापखान्यात खिळे जुळवायला होते, कंपोझिटर. मालक सज्जन, पण हिशेबाला कच्चे, त्यात दुखण्याने अंथरुणाला खिळले. अण्णांचा अकरा महिन्यांचा पगार थकला. शेवटी मालकांनी एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन, टाइपच्या केसेस, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, आणि छापखान्याचं नाव अण्णांना दिलं. पगार वळता करून वर उरले ते पैसे अण्णा हप्त्याहप्त्याने बेचाळीस सालापर्यंत फेडत होते. मालक पुढे बरे झाले, आणि असेपर्यंत दसऱ्याला मशीनची पूजा त्यांच्याच हातून व्हायची. "अण्णांनी जन्मात कधी 'मी छापखाना काढला' म्हटलं नाही. 'मी छापखाना घेतला' म्हणायचे. तुम्ही ऐकलं नसेल नीट."

"मग लेटरहेडवर 'स्थापना १९३६' कोणी घातलं?"

"मी," दादा म्हणाले. "शहाऐंशी साली आपलं कॅलेंडर काढलं होतं ना, त्यावर डाव्या कोपऱ्यात जागा रिकामी दिसत होती."

मी हसावं की रडावं! इतके महिने मी ज्या सालाच्या मागे हिंडत होते ते तिथे पांढरी जागा भरायला आलं होतं. फोटोखालचं 'संस्थापक' फ्रेमवाल्याने स्वतःच्या मनाने रंगवलं होतं, हेही त्याच वेळी कळलं.

त्या संध्याकाळी दादा बोलायच्या लहरीत होते, म्हणून मी पानशेतचं विचारलं. १२ जुलै १९६१. ते तेव्हा सव्वीस वर्षांचे. सकाळी धरण फुटल्याची बातमी पेठेत आली, कोणाला खरी वाटली, कोणाला नाही. छापखान्यातल्या मुख्य कंपोझिटरला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी टाइपच्या केसेस माळ्यावर चढवायला सुरुवात केली. इंग्रजीला दोन केस पुरतात, देवनागरीला चार लागतात, आणि खिळ्यांनी भरलेली केस म्हणजे दोन माणसांनी धरायची वस्तू. अण्णा ओरडले, "शिसं काय वाहून जातंय? वह्या उचला आधी!" म्हणून करार आणि डिक्लेरेशन वाचलं. खालच्या फळीवर राहिल्या त्या वह्या गेल्या. कराराची पिशवी माळ्याच्या कडेला होती, पाणी तिथवर चढलं, त्याचाच तो डाग.

अण्णांचं म्हणणं खरं ठरलं. पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखल होता, लाकडी केसेस फुगून फुटल्या होत्या, आणि खिळे सगळे तिथेच, चिखलाच्या तळाशी. पण सगळ्याचा गोपाळकाला. अ, ष्ट, रफार, वेलांट्या, मात्रा, बारा पॉइंट, सोळा पॉइंट, सगळं एकात एक. घमेल्यांनी चिखल उपसायचा, चाळणीत धुवायचा, खिळे गोणपाटावर वाळत घालायचे, आणि एकेक उचलून वेगळा करायचा. घरातल्या बायका, शेजारच्या दोन मुली, सगळे बसायचे. आजीचं शिक्षण जेमतेम दुसरी. पण खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आणि तीन महिने तेच बघून तिला उलटी अक्षरं सुलट्यांपेक्षा पटकन ओळखू यायला लागली. ट्रेडल रॉकेलने धुऊन तेल दिल्यावर चालू झालं. दिवाळीआधी पहिलं काम निघालं ते पूरग्रस्तांच्या मदतीच्या पावतीपुस्तकांचं.

हे सांगता सांगता ते उठले आणि कपाटाच्या खणातून रुमालात बांधलेलं काहीतरी घेऊन आले. दोऱ्याने घट्ट आवळलेली खिळ्यांची एक ओळ. करंगळीएवढी जाड, वीतभर लांब, काळपट. "ही कधीच सोडली नाही," म्हणाले. एरवी काम छापून झालं की मजकूर सोडतात, खिळे आपापल्या घरात परत टाकतात, कारण तेच पुढच्या कामाला लागतात. पण मुद्रकाची ओळ प्रत्येक पुस्तकात लागणार, ती कायम बांधून ठेवायची. मी ती आरशासमोर धरली. आरशात अक्षरं सुलटी झाली. अण्णांचं नाव, छापखाना, घर नंबर, नारायण पेठ, पुणे शहर, येथे छापिले. 'छापिले'तली वेलांटी झिजून नुसती काडी उरली होती. मी ग्रंथालयात पाहिलेल्या पन्नासच्या दशकातल्या पुस्तकांत ती वेलांटी अशीच तुटकी उमटलेली होती. मला तो छपाईचा दोष वाटला होता.

बाकीचे खिळे १९९४ साली भंगारात गेले. मी त्या दिवशी माहेरी होते. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं ते मिश्रण, त्याला चांगला भाव येतो. पोती भरभरून टेंपोत चढली. दादांनी भंगारवाल्याला दोन वेळा घासाघीस करून भाव वाढवून घेतला. हळवं होणं वगैरे काही नव्हतं. ऑफसेट चौऱ्याऐंशीलाच आलं होतं, सेकंडहँड डॉमिनंट मशीन, आणि आता अक्षरजुळणीला कॉम्प्युटर. पुण्यातलंच सीडॅक, पुण्यातल्याच कंपनीचं श्रीलिपी. आता कामाला दोन मुली बसायच्या, मास्तरांच्या जागी.

आणि इतिहासातला दुसरा खड्डा इथेच लागला. मला वाटलं होतं १९३१ चं सापडलं, तर १९९७ चं काय कठीण? ऑफिसात सीड्यांचे खोके भरून होते, 'काम ९७', 'काम ९८ फायनल', 'काम ९८ फायनल खरं'. त्यातल्या ज्या उघडल्या त्यात पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता पाऊस. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा निराळी. तोच फॉन्ट, तेच सॉफ्टवेअर नसेल तर काही लागत नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्यांची अक्षरं बसवण्याची एकच तऱ्हा, रुळेपर्यंतची दहा-बारा वर्षं अशीच. चिखलातून काढलेले खिळे आजी ओळखू शकली, या फायली भाच्याला ओळखता आल्या नाहीत, आणि तो पुणे विद्यार्थी गृहातून छपाईचंच शिकलाय. शेवटी त्या वर्षांसाठीही मला छापील प्रतींकडेच वळावं लागलं. दादांनी प्रत्येक कामाची एक प्रत ठेवली होती म्हणून निभावलं. त्या चाळताना एक लक्षात आलं. जुन्या वह्यांत साठच्या दशकापर्यंत शाळेच्या पुस्तकांची कामं असायची. १९६७ ला बालभारती झाली, आणि त्यानंतर आमच्या वहीत ती कामं घटत घटत गेली. मग लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं, मग औषधांची माहितीपत्रकं, आणि आता कार्टनं. अण्णा पुस्तकं छापत होते. भावाने गेल्या पाच वर्षांत एकही पुस्तक छापलेलं नाही.

इकडे सीए बाईंचं काम पुढे सरकत होतं. कंपनी कायद्याच्या ३६६ व्या कलमाने फर्मचीच कंपनी करता येते, फर्म विसर्जित करावी लागत नाही, मालमत्ता आणि देणी जशीच्या तशी कंपनीकडे जातात. पूर्वी याला किमान सात सभासद लागत, २०१८ पासून दोन चालतात. आमचे भागीदार तीन: दादा, भाऊ आणि चुलतभाऊ. भांडवली नफ्यावरचा कर लागू नये म्हणून तिघांनाही फर्ममधल्या भांडवलाच्या प्रमाणातच शेअर, आणि पाच वर्षं तिघांचा मिळून हिस्सा निम्म्याहून खाली जाऊ द्यायचा नाही. दादांना याचा अर्थ एवढाच कळला की त्र्याण्णव वर्षांचं होईपर्यंत जबाबदारी आहे.

नावाचा अर्ज पहिल्यांदा परत आला. फर्मला गावात एक नाव असलं की झालं, कंपनीला देशभरात दुसरं कोणी तसं नसावं लागतं. आमच्यासारखंच नाव दुसऱ्या राज्यात कोणीतरी आधी घेतलेलं. शेवटी पुढे 'मुद्रण' जोडून सुटलं. मशीनरीची यादी करताना ट्रेडलची पुस्तकी किंमत एक रुपया निघाली. ते अजून ऑफिसच्या दारात उभं आहे, त्यावर कुरिअरवाले पाकिटं ठेवतात.

मग जाहीर सूचना. एक इंग्रजी, एक मराठी वर्तमानपत्रात द्यायची, हरकतीला एकवीस दिवस. ज्या घराने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सूचना छापल्या त्यांची पहिली सूचना दुसरीकडे छापून आली. मसुदा आमच्याच ऑफिसातून गेला आणि त्यात 'भागीदारी'ची 'गी' ऱ्हस्व. प्रूफ मी पाहिलं म्हणून वाचलो. हरकत एकच आली, तीही फोनवर. एका जुन्या गिऱ्हाइकाने सूचना वाचून समज करून घेतला की आम्ही धंदा बंद करतोय, आणि मुलीच्या पत्रिकांसाठी दिलेली आगाऊ रक्कम परत मागितली. त्यांना समजावण्यात भावाचा अर्धा तास गेला.

फेब्रुवारीत दाखला आला, ईमेलने. त्यात कंपनीचा एकवीस अक्षरी नंबर. त्या नंबराच्या मधोमध राज्याची अक्षरं आणि लगेच नोंदणीचं साल: २०२३. आणि हा नंबर लेटरहेडवर छापणं सक्तीचं. म्हणजे आता कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आमचा जन्म १९३६, तळाला २०२३. करार म्हणतो १९४८, नोंदणी म्हणते १९५१, आणि पोथी म्हणते १९३१.

इतिहासाच्या दोन पानांत मी मालकांचं नाव घातलं, पहिल्याच ओळीत. भाऊ जरा घुटमळला. बँकेला कशाला सांगायचं हे, म्हणाला. चुलतभाऊ म्हणाला, सांगायला काय हरकत आहे, पैसे तर फेडलेत. त्यावर वाद संपला. 'स्थापना १९३६' मात्र ठेवायचंच, ते आता ओळखीचं झालंय, असं भावाचं ठाम मत.

नव्या लेटरहेडचं प्रूफ घेऊन तो दादांकडे आला तेव्हा मी तिथेच होते. त्याने मोबाइलवर दाखवलं. दादांनी मोबाइल बाजूला केला आणि कागदावर काढून आण म्हणाले. कागद आला. खिशातली लाल पेन्सिल काढून त्यांनी डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. 'स्थापना' या शब्दावरून एक आडवी रेघ, रेघेच्या शेवटी ते गोल वेटोळं, जे मुद्रितशोधक काढतात, आणि '१९३६' पुढे समासात 'पासून'.

"१९३६ पासून," भावाने वाचलं. "त्याने काय फरक पडतो दादा? गिऱ्हाइकाला कळणारही नाही."

"गिऱ्हाइकासाठी नाहीच ते," दादा म्हणाले. त्यांचं भिंग तोवर तळाच्या नंबराशी पोचलं होतं. "आणि हा एवढा ठळक कशाला? छापायचा आहे ना, मग सहा पॉइंटात टाक. दोन अक्षरांमध्ये जागाही कमी आहे. दुसरं प्रूफ आण."